पिशवीभर रक्त आणि हक्काचा एक कागद

सहरी आटोपून भांडी विसळेपर्यंत पहिल्या एसटीची वेळ झालेली असते. दर तीन आठवड्यांनी त्या घराचा हा ठरलेला दिवस. रमजान असला काय आणि नसला काय. आईचा रोजा असतो. आठ वर्षांची मुलगी दूध-पाव खाऊन तयार होते. कापडी पिशवीत पाण्याची बाटली, मुलीचा दुपारचा डबा, रंगीत खडूंची पेटी आणि दोरीने बांधावी लागते इतकी फुगलेली कागदांची फाईल. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याचं रुग्णालय दीड तासावर आहे. तिथे मुलीच्या हाताला सुई लागेल, तीन-चार तासांत पिशवीभर रक्त अंगात जाईल, ओठांवर रंग येईल आणि संध्याकाळी मायलेकी परततील. पुढचे काही दिवस ती शाळेत जाईल, दोरीच्या उड्या मारेल, धाकट्या भावाशी भांडेल. मग पुन्हा चेहरा फिका पडेल, जिना चढताना धाप लागेल आणि पुन्हा पहिली एसटी.

मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. शरीरात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, दर दोन ते चार आठवड्यांनी. आईवडील दोघेही या आजाराचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे लग्नाआधी कुणाला काही कळत नाही. भारतात दरवर्षी साधारण दहा ते बारा हजार मुलं हा आजार घेऊन जन्माला येतात, असा अंदाज आहे.

रक्त दिलं म्हणजे संपलं, असंही नाही. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. ते बाहेर टाकायची सोय निसर्गाने माणसाला दिलेली नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साठत राहतं. ते काढायला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी पाण्यात विरघळवून घ्यायची. खडूसारखं ते पाणी पिताना मुलगी नाक दाबते. यंदा तिने रोजा धरायचा हट्ट केला, तेव्हा आजीने तोड काढली, ‘एका दाढेचा रोजा’. एका बाजूच्या दाढेने खायचं, दुसऱ्या बाजूचा रोजा! आजाऱ्याला रोज्याची सूट आहे आणि इतक्या लहान मुलांवर तो बंधनकारकही नाही, हे तिला समजावण्यापेक्षा हे सोपं होतं.

रक्त चढवण्याच्या त्या खोलीत सहा पलंग आहेत. मुलं एकमेकांना नावाने ओळखतात. कुणाची सुई पहिल्या झटक्यात लागली, याची चर्चा क्रिकेटच्या स्कोअरसारखी चालते. आयांचीही तिथे एक पंगत झाली आहे. रमजानात शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आई आपला डबा व्हरांड्यात जाऊन खाते. ‘ताई, इथेच बसा हो, मला काही होत नाही,’ असं किती वेळा सांगितलं तरी ऐकत नाही.

त्या ताईंनीच दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारलं होतं, ‘भाभी, पोरीचं दिव्यांगाचं कार्ड काढलं का?’

भाभींना राग आला होता. मुलीचे हातपाय धड आहेत, डोळे तेज आहेत, पाढे तोंडपाठ आहेत. ती अपंग कशी? आणि एकदा सरकारी कागदावर तसं लिहिलं गेलं की उद्या तिला स्थळ कोण देणार? हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरातला नाही. गल्ली कोणतीही असो, असं मूल असलेल्या घरात पहिली कुजबुज हीच असते. आजार लपवता येतो, कागद लपत नाही, ही भीती.

कायदा मात्र आता अपंगत्व केवळ हातापायांत शोधत नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी एकवीस प्रकारांची झाली. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार त्यात आले. त्याआधी अशी मुलं कायद्याच्या दृष्टीने नुसती ‘आजारी’ होती. आजार आपलं काम, अभ्यास आणि कमाई कायम अडवत असेल, तर तेही अपंगत्वच, एवढं साधं त्या बदलामागचं म्हणणं आहे.

‘मीसुद्धा एक वर्ष हेच म्हणत बसले होते,’ ताईंनी सांगितलं. ‘कागदामुळे पोर आजारी पडत नाही भाभी. आजारी ते आहेच. कागद नाही म्हणून नुसतं आपल्याला काही मिळत नाही.’

पुढची दीड वर्षं भाभींनी ते बोलणं मनात ठेवलं आणि एके दिवशी फाईल उघडली.

अर्ज करणं फारसं अवघड नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर नोंदणी करायची. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि रुग्णालय निवडायचं. कार्डाला फी नाही. त्यानंतर ठरलेल्या दिवशी मुलाला वैद्यकीय मंडळापुढे न्यायचं. थॅलेसेमियाच्या मुलासाठी निदानाचा मूळ रिपोर्ट, रक्त दिल्याच्या तारखांची नोंदवही आणि फेरिटिनचे, म्हणजे साठलेल्या लोहाचे, रिपोर्ट जवळ असावेत. हे सगळं तपासून टक्केवारी ठरते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त भरली, तर बहुतेक सवलतींचा दरवाजा उघडतो. निर्णय पटला नाही, तर कायद्याच्या ५९व्या कलमाखाली अपील करता येतं. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.

अवघड असतं ते त्या रांगेत उभं राहणं. पहिल्या खेपेला खिडकीवरचा माणूस मुलीकडे बघून म्हणाला, ‘हिला काय झालंय? चांगली तर दिसते.’ नुकतंच रक्त चढवून आणलं होतं, गाल लाल होते. दुसऱ्या खेपेला एक रिपोर्ट कमी निघाला. तिसऱ्या खेपेला डॉक्टर रजेवर. प्रत्येक खेप म्हणजे दोन तिकिटं आणि दिवसभराचं काम बुडणं. चौथ्या खेपेला मंडळातल्या डॉक्टरबाईंनी नोंदवही शांतपणे उलटली, तारखा मोजल्या, मुलीला ‘कितवीत आहेस?’ विचारलं आणि सही केली. टक्केवारी चाळीसच्या वर भरली.

बसमध्ये आईने तो कागद दोनदा उघडून वाचला. मुलीने विचारलं, ‘अम्मी, काय लिहिलंय?’ आई म्हणाली, ‘तुझं नाव लिहिलंय.’

खरी परीक्षा त्यानंतर आली.

वडील शिंपी आहेत. बाजारात सगळे ‘मास्टर’ म्हणतात. नगावर मजुरी. वर्षातले काही महिने मशीन जेमतेम चालतं आणि रमजानात रात्रभर थांबत नाही. ईदचे कपडे, त्यात लग्नसराई. वर्षाची निम्मी कमाई या दीड-दोन महिन्यांत होते, म्हणून याच दिवसांत ते मुलीबरोबर रुग्णालयात जाऊ शकत नाहीत. सरकारी रक्तपेढीतून थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत मिळतं, त्याबदल्यात रक्तदाता आणण्याची सक्तीही नाही. तरी खर्च थांबत नाही. प्रवास, बाहेर कराव्या लागणाऱ्या तपासण्या, रुग्णालयात गोळ्या संपल्या तर दुकानातून आणाव्या लागणाऱ्या गोळ्या.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झाली. वर्षाचे तीस हजार. मुलीच्या औषधांना मोठा हातभार. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. अर्जदार किमान पंधरा वर्षांपासून राज्याचा रहिवासी असावा लागतो. आणि एक अट आहे. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजार रुपयांच्या आत हवं.

पन्नास हजारांना तीनशे पासष्टने भागलं तर दिवसाला १३७ रुपये येतात. एका माणसाचे नव्हेत, सगळ्या घराचे. रोज कामावर जाणारा कुठलाही मजूर, हमाल, रिक्षावाला या रेषेच्या वरच असतो.

सेतू केंद्रावरच्या मुलाने संगणकावरून मान वर न करता विचारलं, ‘मास्टर, उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार टाकू? सगळे तेवढंच टाकतात.’

मास्टर गप्प उभे राहिले. मग म्हणाले, ‘महिनाभर तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही मी. आणि कागदावर खोटं लिहू?’ त्यांनी खरा आकडा सांगितला. तो मर्यादेच्या दुपटीहून थोडा जास्त होता. अनुदानाचा विषय तिथेच संपला.

घरी गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, ‘तुमच्या खरेपणाची किंमत पोरीने मोजायची का?’ त्या रात्री इफ्तारला कुणी फारसं बोललं नाही.

या दोघांपैकी चूक कोण? दोघंही नाहीत. चूक त्या रेषेची आहे, जी घरात येणारे पैसे मोजते पण औषधांवर जाणारे पैसे मोजत नाही. निरोगी मुलांच्या घराचे एक लाख आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवाव्या लागणाऱ्या मुलीच्या घराचे एक लाख सारखे नसतात. ज्या अटीपायी प्रामाणिक माणूस हक्काला मुकतो आणि शेजारचा खोटं बोलायला शिकतो, ती अट बदलायला हवी. उत्पन्न मोजताना आजाराचा खर्च वजा धरावा आणि मर्यादा आजच्या मजुरीशी जुळती असावी, ही मागणी ग्रामसभेत, नगरपालिकेत, आमदारांच्या कार्यालयात कुणीही करू शकतो. ती मागणी कुण्या एका समाजाची नाही.

अनुदान गेलं, पण कार्ड वाया गेलं नाही. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही उपचारासाठी जाणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते. सहा ते अठरा वर्षांच्या, चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत पाच टक्के जागा राखीव आहेत, वयातही पाच वर्षांची सूट आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो निधी कशावर जातो, हे विचारायचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

एक गोष्ट मात्र हातची गेली. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी दिव्यांग मुलं वंचित गटात मोडतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना ही तरतूद लागू नाही, पण गावात इतर शाळा होत्या. हा प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच मिळतो. मुलगी सहा वर्षांची असताना कार्ड असतं, तर तिचा अर्ज भरता आला असता. ताईंनी विचारलं, तेव्हा ती सहाच वर्षांची होती. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात गेलेली ती दीड वर्षं होती. आई आज हे स्वतःहून सगळ्यांना सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची तशी जाऊ नयेत.

कायद्यातही फटी आहेत. सरकारी नोकऱ्यांतलं चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे ही मुलगी राखीव जागेवर शिकू शकेल, पण राखीव जागेवर नोकरीला लागू शकणार नाही. केंद्राची दिव्यांग पेन्शन अठरा वर्षांपुढच्या आणि ऐंशी टक्के दिव्यांगत्व असलेल्यांनाच आहे. जन्मजात हृदयदोष, लहान मुलांचा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार हे त्या एकवीसच्या यादीत नाहीत.

तरी अशा मुलांसाठी इतर वाटा आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. संजय गांधी योजनेत कर्करोगासारखे काही दुर्धर आजारही आहेत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला भावंडाचा बोन मॅरो जुळला, तर कोल इंडियाच्या निधीतून ठरावीक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. या मुलीच्या धाकट्या भावाची तपासणी झाली. जुळला नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त रडला तो तोच.

रमजानात देणाऱ्यांचे हात सैल असतात. मास्टरांच्या घरीही कुणी ना कुणी पाकीट घेऊन येतं. त्यांना संकोच वाटतो, पण घेतात. जकात हा गरजूवर उपकार नसून देणाऱ्याच्या संपत्तीतला त्याचा हक्कच आहे, असं इस्लाम मानतो. ‘हक्क’ हा शब्द अरबीतून उर्दूत गेला तसा मराठीतही आला आणि इथलाच झाला. अर्ज, दाखला, मंजूर, मुदत, रक्कम, तहसील हे त्याचेच सोबती. हा शब्द दोन्ही भाषांमध्ये एकच आहे, मग मशिदीच्या दारात ताठ मानेने उच्चारला जाणारा हक्क तहसीलच्या खिडकीशी दबक्या आवाजात का मागावा?

जकातीचं पाकीट एक महिना काढून देतं. एक कार्ड अनेक वर्षं उपयोगी पडतं. म्हणून या महिन्यात पैशांबरोबर आणखी एक गोष्ट देण्यासारखी आहे, ती म्हणजे वेळ. ज्याच्याकडे संगणक आहे, त्याने एका घराचा अर्ज भरून द्यावा. ज्याला कचेरीची भाषा कळते, त्याने एका आईबरोबर खिडकीपर्यंत जावं. शाळेतल्या बाईंनी फिकट दिसणाऱ्या, लवकर दमणाऱ्या मुलाच्या पालकांना आडून न विचारता सरळ विचारावं. लग्न ठरवणाऱ्यांनी पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाची रक्ततपासणीही बघावी. आणि ज्यांना शक्य आहे, त्यांनी रक्त द्यावं. रोजेदारांनी इफ्तारनंतर पोटभर खाऊन-पिऊन, थोडी विश्रांती घेऊन; बाकीच्यांनी केव्हाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढीचे कप्पे रिकामे होतात. मुलांच्या तारखा मात्र सुट्टी घेत नाहीत.

मास्टरांच्या घरात त्या रात्रीचा अबोला दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सहरीला बायकोने विचारलं, ‘ती मर्यादा वाढवा म्हणून अर्ज करता येतो का हो कुठे?’ मास्टरांनी मशीनवरचं कापड बाजूला सारून कागद पुढे ओढला. मराठी अर्ज ताईंच्या नवऱ्याने लिहून दिला. खाली सहा पलंगांच्या सहा घरांच्या सह्या आहेत. दोन उर्दूत, चार मराठीत. आमदारांच्या कार्यालयात तो दिल्याची पोच फाईलमध्ये सगळ्यात वर लावलेली आहे.

त्याचं काय होईल ते होवो. पुढची तारीख ईदच्या दुसऱ्या दिवशी आली आहे. त्या दिवशीही पहिलीच एसटी पकडायची आहे. मुलीने मात्र बजावून ठेवलंय की सुई टोचून घेताना अंगात ईदचाच नवा फ्रॉक असेल, आणि खोलीतल्या सगळ्यांसाठी डब्यातून शीरखुर्मा जाईल.